लाइट येताना

“काही केलं नाही हो, लाइट गेली आणि सेट बंद पडला.” दापोलीत माझ्या दुकानाची पायरी चढणारा माणूस, काखेत होम थिएटर असो की जुना अ‍ॅम्प्लिफायर, सहसा याच वाक्याने सुरुवात करतो. मी विचारतो, “गेली तेव्हा बंद पडला, की आली तेव्हा?” बहुतेकांना सांगता येत नाही. लाइट गेल्यावर सेट बंदच होणार. आणि आली तेव्हा घरातली माणसं पंप लावायला नाहीतर मोबाइल चार्जिंगला लावायला धावलेली असतात. सेटची आठवण होते दुसऱ्या दिवशी, बातम्या किंवा भजन लावायच्या वेळी.

इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालंय. लाइट जाण्याने सेट सहसा मरत नाही. सप्लाय तुटतो, आतले कपॅसिटर रिकामे होतात, आवाज विरतो, संपलं. जे काय व्हायचं ते लाइट परत येताना होतं, पहिल्या क्षणात नाहीतर पहिल्या पाच-दहा मिनिटांत. ती कशी आली हे गिऱ्हाइकाला सांगता आलं नाही तरी सेट सांगतो. जास्त व्होल्टेज आलं असेल तर त्याची खूण वेगळी, आकाशातली वीज शिरली असेल तर वेगळी, नुसतं वय झालं असेल तर आणखी वेगळी. झाकण उघडून या खुणा वाचणं हेच निम्मं काम. सोल्डरिंग त्यानंतरचं.

पहिली खूण फ्यूजची. काचेचा फ्यूज काढून उजेडासमोर धरायचा. आतली तार मधेच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर फ्यूज वयाने किंवा थोड्याफार जादा करंटने गेलेला असतो. तिथे नवा टाकून भागेल अशी आशा धरायला हरकत नाही. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे, नवा फ्यूज त्याच क्षणी उडणार. पण गंमत अशी की माझ्याकडे येणाऱ्या कित्येक सेटमध्ये फ्यूज नसतोच. तिथे तांब्याची तार गुंडाळलेली असते, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. मग चार-पाच रुपयांच्या फ्यूजने जे केलं असतं ते बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला करावं लागतं. पट्टी जळते आणि तिच्याखालच्या बोर्डाचा कोळसा होतो. कोळशातून करंट वाहतो, त्यामुळे तेवढा भाग खरवडून काढल्याशिवाय पुढे काही करता येत नाही. ही खूण लाइटची नव्हे, घरातल्या हुशार मुलाची.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या तालुक्यातली केळशी, आंजर्ले, हर्णै ही किनाऱ्यावरची गावं त्याने झोडपून काढली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. झाडं तारांवर पडली, तारांनी खांब ओढले. काही वाड्यांत लाइट यायला कित्येक आठवडे गेले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात, गुडघाभर चिखलात खांब उभे करत होते. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी तयारी नाही. पण एवढी लाइन एवढ्या घाईत पुन्हा उभी राहते तेव्हा कुठेतरी एखादा जोड सैल राहतो, आणि तो जोड न्यूट्रलचा असला की घराघरांतली उपकरणं धडाधड जातात. जसजशी एकेका वाडीत लाइट येत गेली तसतसं माझं दुकान भरत गेलं. एखाद्या वाडीत लाइट आली की नाही हे मला वायरमनच्या आधी कळायचं, कारण तिथले सेट यायला लागायचे.

न्यूट्रल गेलं म्हणजे नेमकं काय होतं हे मी गिऱ्हाइकांना कागदावर काढून दाखवतो. डीपीवरून चार तारा निघतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट, तेच आपण घरात घेतो. दोन फेजच्या मध्ये मात्र 400. न्यूट्रल तुटलं की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापुढे एक जोडल्यासारखी त्या 400 व्होल्टवर लटकतात आणि ते आपापसांत वाटून घेतात. वाटणी होते उलटी. ज्याच्याकडे पंप, इस्त्री, गिझर असा दणकट लोड चालू आहे त्याच्या वाट्याला थोडे व्होल्ट येतात. ज्याच्याकडे फक्त दोन एलईडी बल्ब आणि स्टँडबायवर ठेवलेलं होम थिएटर आहे त्याच्या घरात तीनशे-साडेतीनशे घुसतात. एका वाडीत दोघा सख्ख्या भावांची घरं भिंतीला भिंत लागून होती, फेज मात्र वेगळ्या. धाकट्याचा पंप गुरगुरत होता पण पाणी चढत नव्हतं. थोरल्याच्या टीव्हीखालून धूर आला. धाकट्याचं म्हणणं पंप बिघडला, थोरल्याचं म्हणणं होम थिएटर बोगस निघालं. दोघांचं दुखणं एकच होतं आणि ते घराबाहेर खांबावर होतं.

थोरल्या भावाचं होम थिएटर उघडलं तेव्हा आत कापूस पिंजल्यासारखं झालं होतं. मेन कपॅसिटरच्या डोक्यावर खाच पाडलेली असते, आत दाब वाढला तर तिथून फुटावा म्हणून. ती खाच फाकली होती आणि आतला ओलसर कागद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाचे तुकडे सगळ्या बोर्डावर उडाले होते. आंबट, खारट, मासळी बाजाराच्या कडेने जाणारा तो वास एकदा नाकात बसला की कायमचा ओळखू येतो. शेजारी व्हॅरिस्टरची निळी चकती होती, म्हणजे आता फक्त तिचे दोन पाय आणि काळा डाग. व्हॅरिस्टर हा दारावरचा राखणदार. व्होल्टेजने ठरावीक मर्यादा ओलांडली की तो स्वतःतून करंट वाहू देतो आणि पुढच्यांना वाचवतो. पण त्याची ताकद क्षणभराच्या झटक्यापुरती. साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर राहिले तर तो तापतो, फुटतो आणि जाता जाता फ्यूज उडवतो. फ्यूजच्या जागी चांदी असेल तर तेही नाही.

हिशेब सोपा आहे. हल्लीच्या सेटमध्ये एसएमपीएस असतो. तो आलेल्या एसीचं आधी डीसी करतो, आणि ते एसीच्या शिखराइतकं भरतं. 230 चं शिखर 325 व्होल्ट. तिथे 400 व्होल्टचा कपॅसिटर लावलेला असतो, म्हणजे जागा आहे. पण लाइनवर 300 आले की शिखर 424 होतं आणि ती जागा संपते. उलट कमी व्होल्टेजचं या सेटना काहीच वाटत नाही. पाठीमागे 100 ते 240 असं छापलेलं असतं ते खरं असतं. गणपतीत, मेच्या सुटीत सगळे चाकरमानी गावात असताना संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 160 वर उतरतं, पंखा रेंगाळतो, पण ब्लूटूथचा टॉवर स्पीकर मजेत वाजत असतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट बरोबर उलटी. क्षणभराचा झटका तो जड लोखंडी गोळा अंगावर घेतो आणि पुढे थोडाच जाऊ देतो. कमी व्होल्टेजला मात्र तो लगेच रडतो. आवाज दबतो, चढवला की फाटतो, स्पीकरचा रिले टक-टक करत सुटतो आणि लागतो. आणि जास्त व्होल्टेज टिकून राहिलं तर ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, तापतो, वार्निशचा वास सुटतो. वाइंडिंगच्या आत एक थर्मल फ्यूज दडवलेला असतो, तो गेला तर गिऱ्हाईक म्हणतं ट्रान्सफॉर्मर जळाला. पुष्कळदा वाइंडिंग शाबूत असतं. वरची टेप अलगद सोडवून पाहायचा कंटाळा केला नाही तर हजाराचं काम शंभरात होतं. फक्त तिथे त्याच तापमानाचा थर्मल फ्यूजच लावायचा, तार जोडून मोकळं व्हायचं नाही.

दुरुस्तीनंतर, किंवा दुरुस्तीच्या आधी संशय असतानासुद्धा, कोणताही सेट मी सरळ मेनवर लावत नाही. सिरीज बोर्डावर लावतो. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या फेजमध्ये सिरीजमध्ये जोडलेला असतो. सेट चालू केला की बल्ब भपकन पेटून विझत मंद झाला तर ठीक, कपॅसिटर भरले. तसाच भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि सगळा राग बल्बने स्वतःवर घेतलाय. नवे ट्रान्झिस्टर वाचले. हे बल्ब आता बाजारात मिळेनासे झालेत, म्हणून मी दिसतील तिथे घेऊन ठेवतो. यानंतर मीटर डीसीवर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर धरायचा. काही मिलिव्होल्ट चालतील. पंचवीस-तीस व्होल्ट दिसले तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट आहे, आणि तिथे लावलेला स्पीकर दोन मिनिटांत भाजून निघतो. पहिली चाचणी नेहमी कुणाच्या तरी मोटारीतून काढलेल्या भंगार स्पीकरवर.

गिऱ्हाइकाचा स्पीकर आधीच गेला असेल तर तेही घरबसल्या कळतं. अ‍ॅम्पपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना टेकवायचा. कर्र आवाज आला आणि पडदा हलला तर कॉइल शाबूत. याच्यापलीकडे घरी उघडून बघू नका असं मी कळकळीने सांगतो. एसएमपीएसचा मेन कपॅसिटर पिन काढल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. मी तो आधी बल्बमधून रिकामा करतो, मग बोट लावतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे कारागीर आहेत. त्यांना शौर्य म्हणून ते आवडतं, कपॅसिटरला आवडत नाही.

त्या पावसाळ्यात आंजर्ल्याचे एक निवृत्त गुरुजी त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर पोत्यात गुंडाळून घेऊन आले. घरात रेकॉर्ड प्लेयर, नाट्यपदांच्या जुन्या रेकॉर्ड आणि पायपेटी. लाइट नव्हती त्या दिवसांत त्यांच्या वाडीने भाड्याने जनरेटर आणला होता. संध्याकाळी तासभर पंप चालवायचा, पाणी चढलं की पंप बंद करून उरलेल्या वेळात मोबाइल चार्जिंग. गुरुजींनी त्या उरलेल्या वेळात रेकॉर्ड लावली.

“अरे, सूर चढलेला वाटला,” ते सांगत होते. “आधी म्हटलं कान म्हातारे झाले. मग पेटी काढली. त्या पदाचा षड्ज माझ्या रेकॉर्डवर काळी एक. पेटीवर धरला तर पांढरी दोन लागतेय! सरळ पिन उपटली आणि रेकॉर्ड ठेवून दिली.”

“गुरुजी, तुमचा अ‍ॅम्प तुमच्या कानाने वाचवलाय,” मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. त्यांच्या प्लेयरची मोटर सिंक्रोनस. ती व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर फिरते. 50 हर्ट्झला तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या बेतात फिरते. फ्रिक्वेन्सी 53 झाली की वेग सहा टक्क्यांनी वाढतो, आणि सहा टक्के म्हणजे बरोबर एक अर्धस्वर. काळी एकची पांढरी दोन. लोड काढून घेतलेला छोटा जनरेटर असाच मोकाट पळतो, आणि व्होल्टेजसुद्धा अनेकदा त्याच्या मागोमाग चढतं. त्याच जनरेटरवर, त्याच वाडीत, पंप बंद झाल्याच्या क्षणी दोन टीव्ही आणि एक होम थिएटर गेलं होतं. ते तिन्ही नंतर माझ्याकडेच आले. जनरेटर वापरायचाच असेल तर माझा नियम साधा आहे: एक जुना पिवळा बल्ब सतत जळता ठेवायचा, म्हणजे थोडा लोडही राहतो आणि व्होल्टेज डोळ्यांना दिसतं. आणि गाण्याचं यंत्र जनरेटरवर लावायचंच नाही. गुरुजींच्या घरी असलेला कान सगळ्यांकडे नसतो.

मग गुरुजींच्या अ‍ॅम्पला झालं होतं काय? लाइटने काही नाही. लाइट नसण्याने. रोज तास-दोन तास चालणारा सेट स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. जून-जुलैच्या कोकणी हवेत तो महिनाभर गार पडून राहिला तर आत बुरशी धरते, समुद्राची खारी हवा रिलेच्या आणि स्विचच्या पॉइंटवर हिरवट थर चढवते, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, एका बाजूचा आवाज जातो-येतो. त्यात पाल. अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीतून आत शिरायचं, उबदार ट्रान्सफॉर्मरशेजारी अंडी घालायची आणि लाइट आली की मेनच्या दोन टर्मिनलमध्ये आडवं होऊन फ्यूजसकट स्वर्गवासी व्हायचं, हा तिचा शिरस्ता. गुरुजींच्या सेटमध्ये नुसती अंडी होती. मोठ्या खोक्यात साठ वॉटचा बल्ब लावून त्यात सेट रात्रभर ठेवला, सकाळी ब्रशने बुरशी झाडली, पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, व्हॉल्यूम पन्नासदा फिरवला. सिरीजवर लावला, बल्ब विझला, आणि वाजायला लागला. फार दिवस बंद असलेला सेट लाइट आल्या आल्या लावायचा नसतो, आधी सुकवायचा असतो. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, मोबाइलबद्दल ऐकलेलं ते कृपा करून इथे लावू नका.

आता आकाशातली वीज. आमच्याकडे तिचे दोन मोसम. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. तिची खूण मला सर्वांत चटकन ओळखू येते, कारण ती भलत्याच दारातून शिरते. सेट चालू होतो, दिवे लागतात, रिमोट चालतो, सप्लायमध्ये ओरखडाही नसतो. पण टीव्हीचा आवाज येत नाही. झाकण काढलं तर इनपुटच्या आयसीला मोहरीएवढं भोक. वीज डिशच्या वायरीने आली, सेट-टॉप बॉक्सला भाजून एचडीएमआयने टीव्हीत गेली आणि तिथून होम थिएटरात. हल्ली ब्रॉडबँडची वायर हे आणखी एक दार झालंय. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, “बटण बंद केलं होतं!” असेलही. बटणाच्या आत दोन-तीन मिलिमीटरची फट असते. ढगातून जमिनीपर्यंत हवा फोडत आलेल्या विजेला त्या फटीचं काय? शिवाय बटणाने तुटते ती फक्त फेज, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. जुन्या घरांत तर बटण न्यूट्रलवर निघतं आणि फेज कायम सेटमध्ये. म्हणून पिन उपटायची, आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्सपासून फिरवून काढायची. दोन्ही, आणि गडगडाट जवळ यायच्या आधी. डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावायला जायचं नाही, सेट परत मिळतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास विजा पडत असतील तर आगाऊ इशारा देतं. माझ्या मोबाइलमध्ये ते आहे, आणि मेमध्ये संध्याकाळी ते वाजलं की दुकानातल्या सगळ्या पिना निघतात.

“मग आम्ही स्पाइक गार्ड घेतलाय तो कशाला?” हा पुढचा प्रश्न. त्या नावाने विकले जाणारे बोर्ड मी पुष्कळ उघडलेत. कित्येकांत लाल दिव्याचं बटण आणि चार सॉकेट याशिवाय काही नव्हतं, व्हॅरिस्टरची चकतीच नाही. असली तरी ती प्रत्येक झटक्यागणिक थोडी थोडी झिजते, आणि झिजली हे बाहेरून कळत नाही. आणि ती नीट काम करणार कधी, तर अर्थिंग असेल तेव्हा. आमच्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. असली तर ती अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते, आणि तो खड्डा जांभ्यात. जांभा पावसाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये असा खडखडीत सुकतो की त्यातून करंट जमिनीत उतरायला वाटच राहत नाही. म्हणजे विजांचा मोसम सुरू होतो नेमका तेव्हाच अर्थिंग निकामी. मीठ-कोळसा घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओतायचं, एवढं केलं तरी फरक पडतो. तुळशीला रोज पाणी घालणारं घर या खड्ड्याला विसरतं.

काही सेट मात्र लाइटच्या नावाने उगाच बोटं मोडत येतात. वर्षानुवर्षं स्टँडबायवर असलेलं होम थिएटर एके दिवशी लाइट गेली, आली, आणि परत उठलंच नाही. उघडलं तर सगळं स्वच्छ. ना वास, ना डाग, फ्यूज ठीक, मेन कपॅसिटरवर 325 व्होल्ट हजर. तिथे दोष असतो एसएमपीएसला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या छोट्या कपॅसिटरचा. तो आतून वाळलेला असतो. चालू सेट चालू ठेवायला त्याची तेवढी गरज नसते, म्हणून दुखणं झाकलेलं राहतं. एकदा पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा उठवायची ताकद त्याच्यात नसते. हेअर ड्रायरने त्या भागावर थोडी गरम हवा मारली की सेट झटकन उठतो, आणि गिऱ्हाइकाला पटतं की लाइटने मारलं नाही, म्हातारपण उघडं पाडलं. दहा-पंधरा रुपयांचा कपॅसिटर. मजुरी घेताना अवघडल्यासारखं होतं, पण घेतो.

घूं आवाजाचंही तसंच. लाइट आल्यावर स्पीकरमधून घूं येतंय म्हणून सेट येतो, माझ्याकडे लावला तर गप्प. लाइट गेलेल्या काळात कुणीतरी सेट-टॉप बॉक्सची पिन काढून दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डात, इन्व्हर्टरच्या लाइनवर घातलेली असते. दोन बोर्डांच्या अर्थमधला फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि 50 हर्ट्झची खर्जातली घूं सुरू होते. सगळं एकाच बोर्डावर आणलं की जाते. फिल्टर कपॅसिटर खरंच गेला असेल तर घूं 100 हर्ट्झची, बरोबर एक सप्तक वर. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही गुणगुणून दाखवले.

तर घरात लावायचं काय? महागडा स्टॅबिलायझर मी सहसा सुचवत नाही. त्याचे रिले हळू चालतात, झटका त्यांच्या आधी निघून जातो. एसएमपीएसच्या सेटला कमी व्होल्टेज सांभाळायला तो लागतही नाही. मी मेन बोर्डात एमसीबीशेजारी व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायला सांगतो. व्होल्टेज 270 च्या आसपास चढलं किंवा फार खाली गेलं की तो सगळं घर तोडतो, आणि परत नीट झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून जोडतो. न्यूट्रल गेलेल्या त्या दोघा भावांच्या घरांत आता दोन आहेत. तो नसेल तर लाइट येताना बघायला एक गोष्ट पूर्वी प्रत्येक घरात होती, देवघरातला झिरोचा बल्ब. नाव झिरो, खातो पंधरा वॉट, आणि त्याची तार व्होल्टेजप्रमाणे पिवळी किंवा पांढरी होते. आमच्या आया तेवढ्यावरून सांगायच्या, “पावर चढलीय रे, रेडिओ लावू नको.” आता तिथे एलईडी आलाय. चांगल्या एलईडीत ड्रायव्हर असतो, तो 150 ला आणि 280 ला सारखाच उजेड देतो. वीज वाचली, पण घरातला मीटर गेला. त्यामुळे प्रोटेक्टर नसलेल्या घरी मी झिरोचा पिवळा बल्ब परत लावायला सांगतो. लाइट आली की पाच-दहा मिनिटं त्याच्याकडे बघायचं, स्थिर असेल तर पिन घालायची.

आणि इथे सगळं अडतं, कारण पिन सापडत नाही. नवीन घरांत टीव्हीचं युनिट भिंतीला चिकटवून ठोकलेलं असतं आणि सॉकेट त्याच्या पोटात. पिन काढायची तर चार माणसांनी युनिट ओढायचं. त्यामुळे कोणी काढत नाही. 2020 च्या गणपतीआधी, ऑगस्टात, आरतीला सेट हवा म्हणून दुरुस्त होम थिएटर बसवायला मी एका घरी गेलो. मुंबईहून आलेला मुलगा वायरी लपवण्याच्या मागे होता. मी म्हटलं, सॉकेट बाहेर काढू, हाताच्या उंचीवर, युनिटशेजारच्या भिंतीवर, नाहीतर सेट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माझ्याकडे येईल.

“पण भाऊ, ते दिसेल ना भिंतीवर. घाण दिसेल.”

त्याची आई मोदकाचा नारळ खवत बसली होती. ती खवणीवरून न उठता म्हणाली, “दिसू दे. वीज कडाडली की तू मुंबईत असतोस, पिन मला काढायचीय.”

सॉकेट भिंतीवर आलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यावर कालनिर्णय टांगलेलं होतं. तिने कोपरा उचलून दाखवला, पिन बाहेर काढलेली होती, आणि डिशची वायर सेट-टॉप बॉक्सपासून सोडवून खिळ्याला अडकवलेली.